१.२ मीटरचा फोम थंडरबोल्ट: आकाराला दहापैकी नऊ, रंगाला चार

आधीच सांगून टाकतो, डब्यातून काढायचं, जोडायचं आणि तसंच उडवायचं असा विचार असेल तर हा रिव्ह्यू जरा कडू लागेल. कारण तसं बघितलं तर हा पी-४७ (थंडरबोल्ट या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन फायटरचं रिमोटवर उडणारं मॉडेल, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटर) ठीकठाकच आहे, उडतो बरा, लांबून दिसतो बरा, आणि हातात घेतला की खेळणं. पण ज्यांना पॉलिश पेपर आणि ब्रश घेऊन तासन्‌तास बसायची खाज आहे त्यांच्यासाठी या साइजमध्ये इतका चांगला फोम मी तरी हाताळलेला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली जे लिहिलंय ते या साइजच्या बहुतेक फोम वॉरबर्डना (जुन्या लढाऊ विमानांच्या मॉडेलना) कमीजास्त लागू पडतं.

व्हर्जन पीएनपी, म्हणजे मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिट्रॅक्ट (चाकं आत घेणारं यंत्र) सगळं आत बसवलेलं, ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि बॅटरी आपली. फोम ईपीओ जातीचा, मण्यामण्यांचा. दोन पंख, मधे कार्बनची नळी, शेपटीला दोन स्क्रू, एका संध्याकाळी जोडून होतं, त्यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही. मॅन्युअल कामचलाऊ.

आता आकार, कारण पैसे त्याचेच आहेत. थंडरबोल्टची मजा अशी की ते विमान मुळात सुंदर नाही, ते प्रचंड आहे. पुढे १८ सिलिंडरचं डबल वास्प इंजिन, टर्बोसुपरचार्जर (इंजिनाला हवा दाबून देणारं, धुरावर फिरणारं यंत्र) पार मागे पोटात, आणि दोघांना जोडणारे हवेचे मोठमोठे पाइप खालून गेलेले, म्हणून त्याचं पोट एवढं खोल. बरेच फोमवाले इथेच माती खातात, काउलिंगचं (इंजिनाभोवतीच्या आवरणाचं) तोंड सरळ गोल करून टाकतात. खरं तोंड गोल नाही, खाली ओघळल्यासारखं लांबट आहे, कारण खालच्या भागातून ऑइल कूलरला आणि इंटरकूलरला (दाबलेली हवा गार करणारा) हवा जाते. या मॉडेलमध्ये ते बरोबर आलंय. पंखाची मागची कड जशी गोलावत टोकाला जाते तीही बरोबर. आणि हे बबल कॅनॉपीवालं (वैमानिकावर फुग्यासारखी काच असलेलं) डी मॉडेल आहे. पाठीचा उंचवटा कापून ती काचेची कॅनॉपी बसवली तेव्हा खऱ्या विमानाची दिशेची स्थिरता (नाक डावी-उजवीकडे न भरकटण्याची) कमी झाली, मग नंतरच्या विमानांना उभ्या शेपटीपुढे पाठीवर छोटा तिरका पंख लावला गेला. तो इथे वेगळा पार्ट म्हणून डब्यात दिलाय, लावा नाहीतर लावू नका, तुम्ही कुठलं विमान करताय त्यावर. हे बघून मी खूश झालो, कारण हा विचार कुणीतरी विमान ओळखणाऱ्यानेच केलेला असणार.

रंग मात्र... काय बोलायचं. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकन फायटर कारखान्यातून बिनरंगाची, उघड्या ॲल्युमिनियमची यायला लागली, त्यामुळे बबल कॅनॉपीवाल्याला चंदेरी फिनिश देणं योग्यच आहे, पण फोमवर चंदेरी म्हणजे सगळ्यात निर्दय रंग. फोमचा प्रत्येक मणी त्यात दिसतो. वर क्लिअर कोट चकचकीत, त्यामुळे उन्हात अजूनच उठून दिसतात. पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) तर विचारूच नका, साच्यातच जवळजवळ एक मिलिमीटरच्या खाचा आहेत, आणि स्केल साधारण १:१०.४ आहे, म्हणजे खऱ्या विमानाच्या पत्र्यात सेंटीमीटरभर फटी! पत्रा उडून जाईल अशाने.

तर मी काय केलं. आधी सगळे स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून काढले (गरम नाही, कोमट, ईपीओ जास्त उष्णता मिळाली की फुगतो आणि मग फोड बसवणं जाम अवघड). मग भिंतीत भरायची हलकी पुट्टी येते ना, ती एकदम वजनाने नगण्यवाली, ती थोड्या पाण्यात सैल करून जुन्या प्लास्टिक कार्डाने सगळीकडे ओढली, खाचांमध्ये दोनदा. वाळल्यावर ३२० चा पेपर, तोही बोटाने नाही, सपाट ठोकळ्याला गुंडाळून, कारण बोटाने घासलं की फोम मऊ असल्यामुळे मधेमधे खड्डे पडतात आणि ते चंदेरी रंग लागल्यावरच कळतं. त्यावर वॉटर बेस पॉलियुरेथेनचे पातळ हात, मधे मधे हलकं घासून. हे सगळं कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू, पण चौथ्या-पाचव्या हातानंतर फोम फोम वाटत नाही, नख आपटलं तर टक आवाज येतो. मग ग्रे प्रायमर, मग ॲक्रिलिक सिल्व्हर. कंट्रोल सरफेसच्या (पंख-शेपटीच्या हलणाऱ्या भागांच्या) बिजागरीच्या रेषेत पॉलियुरेथेन जाऊ द्यायचं नाही, फोमचीच बिजागरी आहे, कडक झाली तर तडकते आणि सर्व्होला फुकटचा जोर लागतो.

वजनाचं गणित इथेच करून ठेवा. रंग, पुट्टी मिळून शंभरेक ग्रॅम वाढतात, दीड किलोच्या विमानाला ते जड नाही, पण कुठे वाढतात ते महत्त्वाचं. थंडरबोल्टचं नाक आखूड आणि शेपटी लांब, त्यामुळे शेपटीवर दहा ग्रॅम चढले की तोल साधायला नाकात वीस-पंचवीस घालावे लागतात. म्हणून शेपटीवर पुट्टी भरून झाल्यावर जवळपास सगळी परत घासून काढायची, खाचेत राहील तेवढीच खरी. मला शिसं अजिबात लावावं लागलं नाही, बॅटरी पुढे सरकवून काम झालं.

पॅनल लाइन नंतर ०.५ च्या पेन्सिलने ओढल्या आणि वर मॅट क्लिअर मारला. एवढंच पुरतं. काही लोक काळा वॉश (पातळ केलेला रंग) सगळ्या रेषांत भरतात, फोटोत भारी दिसतं, पण उडताना विमान जाळीत अडकल्यासारखं दिसतं, आपल्याला नाही पटत.

आता इन्व्हेजन स्ट्राइप्स, म्हणजे पंखावरचे-बॉडीवरचे पांढरे-काळे पट्टे. डब्यात दिलेले पट्टे तीन सेंटीमीटर रुंद आणि कडा ब्लेडने कापल्यासारख्या. जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा एक इंजिनाच्या विमानांना प्रत्येक पट्टा १८ इंचाचा होता, पांढरा-काळा-पांढरा-काळा-पांढरा, आणि शेवटच्या घटकेला ग्राउंड क्रूने हातात मिळेल तो ब्रश घेऊन ते रंगवले. १८ इंच या स्केलला होतात साधारण ४.४ सेंटीमीटर. तीन आणि साडेचारमध्ये किती फरक पडतो म्हणाल, तर एकदा करून बघा, विमान एकदम दणकट दिसायला लागतं. मी सुरुवातीची आणि शेवटची कड टेपने धरली आणि मधल्या सगळ्या कडा हाताने, मुद्दाम किंचित लहरत. एका पांढऱ्या पट्ट्यातून खालची चंदेरी थोडी झिरपताना ठेवली. टेप लावायच्या आधी पँटवर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्या, नाहीतर टेपबरोबर रंग आणि रंगाबरोबर मणी, सगळ्याची वरात निघते.

काजळीबद्दल एक तक्रार करायचीच आहे, मॉडेलवाल्यांबद्दल. थंडरबोल्टवर मस्टँगसारखी (त्याच काळातलं दुसरं अमेरिकन फायटर) नाकाच्या बाजूने धुराची लांब पट्टी ओढतात लोक, अगदी सवयीने. अरे बाबांनो, याचा धूर टर्बोकडे मागे जातो, शेपटीच्या अलीकडे पोटाखालून बाहेर पडतो, आणि जास्तीचा जो सोडायचा तो काउलिंगच्या लगेच मागे, खालच्या बाजूला असलेल्या वेस्ट गेटमधून (जास्तीच्या धुराच्या झडपेतून). म्हणजे काजळी हवी ती तिथून मागे, पोटाच्या वळणावर, आणि पोटाखाली. मी ड्राय पेस्टलचा काळा आणि थोडा तपकिरी खडू किसून मऊ ब्रशने मागे ओढला. आठ मशीनगनच्या नळ्यांपुढे नाही, पंखाच्या खाली जिथे रिकामी काडतुसं पडतात त्या खाचांच्या मागे थोडं जास्त. डब्यातल्या नळ्या फोमच्याच होत्या, पहिल्यांदा कुणी हात लावला की मोडणार, त्या कापून टाकून वेगवेगळ्या मापाच्या पातळ प्लास्टिक नळ्या बसवल्या. त्या पंखाला समांतर नको, जमिनीला समांतर हव्यात, म्हणजे बाहेरच्या बाजूची नळी आतल्यापेक्षा वर दिसत नाही. ही एक गोष्ट बरोबर केली तरी अर्धं काम झालं.

इलेक्ट्रॉनिक्स. मोटर आणि ईएससी चांगले निघाले, वॉटमीटर लावून बघितलं, ४एस (चार सेलच्या) बॅटरीवर फुल थ्रॉटलला पाचशे वॉटच्या आसपास, म्हणजे किलोला सव्वातीनशे-साडेतीनशे, वॉरबर्डला भरपूर. चार पात्यांचा प्रॉपेलर डब्यातून आला तेव्हा बॅलन्स नव्हता, थरथर जाणवत होती, एका पात्याच्या मागे पारदर्शक टेपचा तुकडा लावून सरळ केला. प्रॉपेलर स्केलपेक्षा लहान आहे ही तक्रार काही जण करतात. ती रास्त आहे पण नाइलाजाची. खऱ्या विमानाचा १२-१३ फुटांचा होता, या मापाला १४-१५ इंच व्हायला हवा, पण तेवढा जमिनीवर आपटू नये म्हणून खऱ्या विमानाचे पाय लांब होते आणि पंखात मावण्यासाठी आत घेताना ९ इंच आखूड व्हायचे! ते यंत्र एवढ्याशा मॉडेलमध्ये कोण बसवणार.

सर्व्हो रद्दी. म्हणजे एलेरॉनचे (पंखाच्या टोकाकडचे, विमान कलवणारे भाग) चालतात, पण फ्लॅपचे (उतरताना खाली टाकायचे पंखाचे भाग) प्लास्टिक गिअरवाले ९ ग्रॅमचे, फ्लॅप उघडे असताना गवत लागलं की दात गेले समजा. उडवायच्या आधीच मेटल गिअरचे टाका. रिट्रॅक्टची मोटर दमदार आहे, पण जी प्लास्टिकची पट्टी फोममध्ये चिकटवून त्यावर ते स्क्रू केलेत ती पट्टी एका कडक लँडिंगमध्ये हलायला लागली माझी. काढून, खाली पातळ प्लायवूडचा मोठा तुकडा देऊन इपॉक्सीने बसवली, आता फोम फाटेल पण पट्टी हलणार नाही. कॅनॉपीचा हॅच (वरचं झाकण) फक्त दोन लोहचुंबकांवर, आणि वेगात डाइव्ह मारली तर आतल्या हवेच्या दाबाने तो सुटतो, माझा सुटला, नशीब गवतात मिळाला. पुढे एक सरकती खिटी लावून टाका, स्प्रिंगवाली तयार मिळते.

उडायला कसा? माणूस लांबून बघतो तेव्हा वाटतं हा धोंडा उडणार कसा, पण पंख रुंद आहे, पायांमधलं अंतर भरपूर, त्यामुळे स्पिटफायरसारखा जमिनीवर डुगडुगत नाही. थ्रॉटल हळूहळू, एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलणारा भाग, नाक वर-खाली करणारा) सुरुवातीला थोडा मागे धरून, आणि उजवा रडर (शेपटीचा उभा हलणारा भाग) हातात तयार, कारण टेल उचलली की नाक डावीकडे पळतं. एकदम फुल थ्रॉटल मारणाऱ्यांना हे विमान धडा देतं. सीजी (तोलाचा बिंदू) मॅन्युअलमध्ये दिलाय त्यापेक्षा ५ मिमी पुढे ठेवून सुरू करा, एलेरॉन-एलिव्हेटरला ३० टक्के एक्स्पो (स्टिकच्या मधल्या भागात हालचाल सौम्य करणारी सेटिंग). फ्लॅप टाकले की नाक वर येतं, त्यासाठी ट्रान्समीटरमध्ये फ्लॅपबरोबर थोडा डाउन एलिव्हेटर मिक्स. जायरोवाला (विमान आपोआप सरळ धरणारा) रिसीव्हर असेल तर जमिनीवर विमान हाताने उचलून तिरकं करा आणि सरफेस उलट दिशेने हलतात का बघा, यात चूक असेल तर हवेत दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

लँडिंगला एकच गोष्ट: थ्रॉटल बंद करू नका. चार पाती आणि एवढं मोठं तोंड, पॉवर काढली की ब्रेक लागल्यासारखा थांबतो, आणि शेवटच्या वळणावर हळू असताना एलेरॉन जोरात दिला की आतला पंख सरळ खाली. थोडी पॉवर ठेवून पुढच्या चाकांवर उतरवा, चाकं टेकल्यावर मग थ्रॉटल काढा.

३००० च्या आसपासची ४एस बॅटरी, टायमर पाच मिनिटांचा, उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर राहतो. घरी आलं की ३.८ ला स्टोरेज. बॅटरी जिथे बसते तिथे हवा जेमतेम लागते, मी ऑइल कूलरच्या तोंडामागे फोम पोखरून वाट काढली, पोटाखाली बाहेर पडायला जागा आधीच आहे. आता बॅटरी कोमट निघते, आधी गरम निघायची.

चेपलेला फोम गरम पाण्याने परत फुगतो हे खरं आहे, पण रंग लावायच्या आधी. पॉलियुरेथेन चढल्यावर गरम पाणी टाकलं की वरचा थर सुरकुततो, मग तो भाग पूर्ण खरवडून पुट्टीपासून परत. तुटलं तर साधा सीए (सुपर ग्लू) चालतो, ईपीओ वितळत नाही. आणि कुणी चंदेरीऐवजी वरून गडद ऑलिव्ह हिरवा करणार असेल (इंग्लंडमध्ये काही विमानं स्क्वाड्रननेच अशी रंगवली होती, तेव्हा ते चुकीचं नाही) तर विमान उन्हात ठेवू नका, बंद गाडीत तर अजिबात नाही, गडद रंगाखालचा फोम फोड धरतो.

विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारा की काउलिंग, पुढची कॅनॉपी आणि रिट्रॅक्टची पट्टी सुटी मिळते का. पंख आणि बॉडी बहुतेक ठिकाणी मिळतात, पण काउलिंग पातळ प्लास्टिकचं आहे आणि नाकावर उलटलं तर सगळ्यात आधी तेच जातं, मी एक जास्तीचं मागवून, घासून, रंगवून फडताळात ठेवलंय.