शेळीपालन भागीदारीत बुडालेले पैसे आणि बेळगावातील एक करसल्लागार

निपाणी-चिकोडी भागातील आम्हा निवृत्त मंडळींपैकी अनेकांचे पैसे एका शेळीपालन भागीदारी योजनेत बुडाले. करापोटी आणखी काही अंगावर येऊ नये म्हणून, नोटीस येण्याआधीच, आम्ही बेळगावातील एका चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय गाठले. काम चोख झाले, मात्र फी जास्त वाटली.

त्यांनी करारपत्र ओळ न् ओळ वाचले. नाव भागीदारीचे असले तरी त्यात तोट्याच्या वाटणीबद्दल अवाक्षर नव्हते. दरमहा ठरावीक रकमेची हमी तेवढी होती. सोबतच्या यादीत शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक होते, आणि त्यातले काही दोघा-तिघांच्या कागदांवर तेच निघाले. त्यामुळे नफ्यातील वाट्यावर भागीदाराला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(२अ) खाली मिळणारी सूट इथे टिकणार नाही, असे त्यांचे मत पडले. ‘शेतीचे उत्पन्न, कर नाही’ असे एजंटने सर्वांच्या गळी उतरवले होते. प्राप्तिकर कायद्याच्या लेखी शेळीपालन ही शेतीच नव्हे, म्हणून शेती उत्पन्नात दाखवलेला परतावा करपात्र ठरला. त्यासाठी अद्ययावत विवरणपत्रे (आधीच्या वर्षांचे सुटलेले उत्पन्न नंतर दाखवणारी, म्हणजे अपडेटेड रिटर्न) भरली. २०२५ च्या दुरुस्तीने त्यांची मुदत करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे आर्थिक वर्ष) संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत वाढली आहे, पण जितका उशीर तितका जादा कर, तोही २५ ते ७० टक्के. हा परतावा म्हणजे आमचेच मुद्दल होते, हा युक्तिवाद अपिलात करता येईल, मात्र त्याची हमी देणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

बुडालेल्या मुद्दलाची वजावट पेन्शनच्या उत्पन्नातून मिळत नाही, हे मात्र पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते. कित्येक जण त्याच आशेवर आगाऊ फी भरून बसले होते.

पोलीस फिर्यादीची कन्नड प्रत तिथल्या सहायकाने आम्हाला मराठीत समजावून दिली, हे विशेष. योजनेचे कार्यालय कोल्हापूरकडे आणि गुंतवणूकदार इकडचे, त्यामुळे ठेवीदार संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागू की कर्नाटकाचा २००४ चा, यावर त्यांनी वकिलाकडे बोट दाखवले, ते योग्यच.

जाताना मूळ करारपत्र, पासबुक आणि फॉर्म २६एएस (आपल्या नावे कापलेल्या व भरलेल्या कराचा तपशील) सोबत न्यावा. नुसत्या झेरॉक्सवर ते काम हाती घेत नाहीत.