एएची मीटिंग की मुक्तांगण?

"ह्यांची दारू सोडवायला एएच्या मीटिंगला पाठवू की मुक्तांगणला भरती करू?" मैत्रिणीने नवऱ्याबद्दल रडवेल्या आवाजात विचारलं. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट; मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. मी तिला म्हटलं:

आधी शरीराचं बघ. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. सकाळी बशी हातात खडखडत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दारू बंद करायची नाही. हे काम मीटिंग करू शकत नाही. तिथे डॉक्टर नसतो.

पैशाचं म्हणशील, तर १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसला फी नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. ऐच्छिक वर्गणी घेतात, खिशात काही नसलं तरी कुणी विचारत नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासूनचं, निवासी. तिथे खर्च येतो, रजा काढावी लागते.

लाज ही मोठी अडचण. मीटिंगमध्ये आडनाव लागत नाही. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर नुसतं बसून ऐकलं तरी चालतं. एका गटात नाही जमलं, तर दुसरा बघावा.

नोकरी टिकून आहे, स्वतःहून "सोडायचीय" म्हणतोय, त्याला मीटिंग. घरी राहून दारूशिवाय दोन दिवसही निघत नाहीत, त्याला भरती, आणि बाहेर आल्यावर मीटिंग.

नवरा कशालाच तयार नसेल, तर तू एकटी अल-अनॉनला जा. तो गट घरच्यांसाठीच आहे.