हवा कमी येतेय, म्हणे गॅस संपला

एसीतून हवा कमी येणं आणि हवा थंड न येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या तक्रारीवर दुसरीचं औषध विकणारे मेकॅनिक भरपूर आहेत. मला भेटलेल्याने ते विकलं, पैसे घेतले आणि वर कंप्रेसरची वाट लावायला घेतली. काय काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण ही फसवणूक होत असताना समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट खरी वाटते.

बेडरूममधला इन्व्हर्टर स्प्लिट. संध्याकाळी लावला की बरा चालायचा, पण रात्र चढली की वारा मंदावायचा. फ्लॅपला बोटं लावली तर गारठायची, पलंगावर मात्र काही पोहोचायचं नाही. मेकॅनिकला फोनवर मी अगदी हेच सांगितलं होतं. आल्यावर त्याने इनडोअर युनिटचं झाकणसुद्धा उघडलं नाही. थेट आउटडोअरकडे गेला, गॅसचं प्रेशर मोजणारा गेज लावला आणि मला हाक मारली. ‘काका, हे बघा, सुई कुठे आलीय. गॅस उडालाय. आणि ही नळी बघा, पांढरी पडलीय.’ सुई खाली होती. जाड नळीवर बर्फाची साय धरली होती. माणूस यावर काय वाद घालणार?

गोम अशी आहे की सुई खोटं बोलत नव्हती. खोलीतली हवा कॉइलवरून, म्हणजे इनडोअरमधल्या गार नळ्यांच्या जाळीवरून, वाहते तेव्हा कॉइलमधल्या द्रवरूप गॅसला उष्णता मिळते आणि त्याचं बाष्पीभवन होतं. फिल्टर किंवा ब्लोअर (आतला पंखा) तुंबून हवाच कमी वाहू लागली, की गॅसला उष्णता मिळत नाही आणि गॅस पुरेपूर भरलेला असूनही सक्शनचं, म्हणजे कंप्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचं, प्रेशर पडतं. कॉइल शून्याच्या खाली जाते, हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं, बर्फामुळे फटी बुजतात आणि हवा आणखी कमी होते. म्हणजे गॅस कमी असला तरी गेज खाली, आणि घाण साचली असली तरी गेज खाली. दोन्हींतला फरक नुसत्या गेजवरून कळत नाही. त्यातून इन्व्हर्टरमध्ये कंप्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे कुठल्याही क्षणी पाहिलेल्या एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. हे तो रोजचं काम करणारा माणूस जाणत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याचा पुढचा भाग तर नामी होता. ‘खालून सिलेंडर घेऊन येतो, तोवर एसी बंद ठेवा,’ म्हणाला आणि बराच वेळ आला नाही. त्या वेळात ड्रेनच्या पाइपातून पाण्याची चांगली धार लागली होती. एसी बंद आणि पाणी चालू, हे मला विचित्र वाटलं, म्हणून तो वर आल्यावर विचारलं. ‘आतलं साठलेलं पाणी असतं ते,’ एवढंच उत्तर मिळालं. ते पाणी म्हणजे कॉइलवरचा वितळणारा बर्फ होता. बर्फ गेला, फटी मोकळ्या झाल्या. त्याने एसी चालू करून सुई वर येईपर्यंत गॅस सोडला आणि मला खोलीत नेलं. वारा पलंगापर्यंत! ‘बघा काका, गॅस पडल्यावर कसा पळतो.’ गॅस एक ग्रॅम न घालता नुसती वाट पाहिली असती तरी तो तसाच पळाला असता.

थोडे दिवस गेले आणि रात्रीचं रडगाणं पुन्हा सुरू. तो आला, ‘कुठेतरी बारीक लीक असेल,’ म्हणाला आणि पुन्हा गॅस घातला. लीक शोधण्यासाठी साबणाचा फेससुद्धा जोडांवर लावला नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या फेरीची सोय करून जाणं. त्यानंतर दुपारच्या कडक उन्हात एसी मध्येच बंद पडून एरर दाखवायला लागला. यावर त्याचं निदान: ‘कंप्रेसर थकलाय, बदलावा लागेल.’ इथे मी त्याला थांबवलं आणि दुसऱ्याला बोलावलं.

दुसरा मेकॅनिक आला तो स्टूल आणि टॉर्च घेऊन. फिल्टर काढून उजेडाकडे धरला, तर त्यातून पलीकडचं काही दिसेना. मग फ्लॅप हाताने खाली करून टॉर्च आत मारला आणि मला बघायला सांगितलं. आत लांबलचक नळकांड्यासारखा ब्लोअर असतो, त्याला अरुंद, वाकलेली पाती असतात. प्रत्येक पात्याच्या पोकळीत ओलसर काळपट थर भरला होता. त्याने पेचकसाच्या टोकाने एक पातं खरवडलं, तर वाळलेल्या मेणासारखी चकती निघाली. पात्यांना बाकच उरला नाही तर ती हवा ढकलणार कशाने? मोटर पूर्ण वेगाने फिरते, आवाजही येतो, वारा तेवढा येत नाही.

ब्लोअर आणि कॉइल धुतल्यावर वारा आला. त्यानंतर त्याने सगळा गॅस रिकव्हरी सिलेंडरमध्ये काढून वजनकाट्यावर ठेवला. आउटडोअरच्या प्लेटवर गॅसचं नाव आर-३२ आणि वजन ७२० ग्रॅम असं छापलं होतं. काट्यावर एक किलोच्या वर भरला. इतका जादा गॅस असला की आउटडोअरकडचं प्रेशर चढतं, कंप्रेसर जास्त अँपिअर खेचतो, तापतो आणि उन्हात ट्रिप होतो. थकलेल्या कंप्रेसरचं रहस्य हे होतं. नळ्यांतली हवा पंपाने ओढून (व्हॅक्यूम करून) प्लेटवरच्या वजनाइतकाच गॅस भरला, आणि तोच कंप्रेसर आजही चालू आहे.

तेव्हा वारा कमी झाला की मेकॅनिकला फोन करण्याआधी घरीच थोडं बघा. रिमोटवर फॅन ऑटो किंवा स्लीपवर तर नाही ना, हे आधी, कारण त्यातही लोक लुबाडले जातात. मग फिल्टर धुवा. चालू केल्या केल्या वारा कमी असेल तर फिल्टर, ब्लोअर किंवा फॅनची मोटर. जुन्या पद्धतीच्या मोटरला छोटा कपॅसिटर असतो, तो कमजोर झाला तरी फॅन हळू फिरतो आणि तो बदलणं किरकोळ काम आहे. सुरुवातीला चांगला आणि तासाभराने मंद, तर कॉइलवर बर्फ धरतोय. कूलिंग बंद करून नुसत्या फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा. वारा परत आला तर बर्फच होता. बर्फ खरोखरच्या कमी गॅसनेही धरतो, हे मान्य. पण आधी सफाई, आणि त्यानंतरही बर्फ धरला तरच गेज.

थर्मामीटर असेल तर आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक बघा. तो साधारण १० अंशांच्या आसपास असतो. वारा कमी आणि फरक त्याहून बराच जास्त, तर कॉइल थंड आहे, हवा अडलीय. वारा जोरात आणि फरक दोन-चार अंश, तर गॅस किंवा कंप्रेसरचा संशय रास्त.

डक्टवाल्या एसीत एकाच खोलीच्या जाळीतून वारा कमी आणि बाकीच्या खोल्यांत ठीक असेल, तर गॅसचं नावही काढू देऊ नका. गॅस सगळ्या खोल्यांना एकच असतो. त्या खोलीचा डँपर, म्हणजे हवा अडवणारी झडप, अर्धा बंद असेल, फॉल्स सीलिंगवरचा लवचीक डक्ट चेपला असेल किंवा जोडातून निसटून सगळी गार हवा सीलिंगच्या वर सोडत असेल. सगळ्याच जाळ्यांतून कमी असेल तर हवा परत ओढणाऱ्या मोठ्या जाळीमागचा फिल्टर बघा, आणि तिच्यासमोर कपाट सरकवलेलं नाही ना, तेही.

गॅस घालायचाच ठरला तर सिलेंडर आधी आणि नंतर काट्यावर ठेवायला सांगा, सिलेंडरवरचं गॅसचं नाव प्लेटवरच्या नावाशी जुळवा आणि बिलावर ग्रॅम लिहून घ्या. माझ्या जुन्या बिलावर ‘गॅस चार्जिंग – १’ एवढंच आहे. एक काय, हे विचारायला पहिल्या मेकॅनिकला फोन केला होता. तो म्हणाला, ‘काका, एक म्हणजे एक वेळा.’