पोस्टग्रेसचं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स: कापसाचा अख्खा हंगाम वापरल्यानंतर

खानदेशात जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा दिवाळीनंतर होते. गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते आणि भरल्या गाडीचं वजन, प्रतवारी, भाव, रिकाम्या गाडीचं वजन, पावती, चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) अशा प्रत्येक पायरीला डेटाबेसकडे हेलपाटे होतात. तिथे स्क्रीन अडली की काटाही अडतो. अशाच एका ॲप्लिकेशनवर पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेससोबत फुकट मिळणारं, प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ खाल्ला याची नोंद ठेवणारं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन (जोड-सुविधा) दसऱ्यापासून फरदडीची (कापसाच्या खोडव्याची) आवक संपेपर्यंत चालू ठेवलं. मत आधीच सांगतो: मोठ्या सर्व्हरचं कोटेशन मागवण्याआधी हे लावा.

लावणं सोपं आहे. पोस्टग्रेसच्या कॉन्फ फाइलमध्ये शेअर्ड-प्रीलोड-लायब्ररीज या सेटिंगला नाव घालायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि हव्या त्या डेटाबेसमध्ये क्रिएट एक्स्टेंशन चालवायचं. नुसता रिलोड पुरत नाही, म्हणून हे काम गेट बंद झाल्यावरच काढा. त्याच वेळी ट्रॅक-आयओ-टायमिंगही चालू करा. क्वेरीचा वेळ डिस्कवर गेला की प्रोसेसरवर, हे त्याशिवाय कळत नाही.

याची खरी किंमत क्रमवारीत आहे. बहुतेक जण सगळ्यात संथ क्वेरी शोधत बसतात, पण इथे टोटल-एक्झेक टाइमवर, म्हणजे एकूण खर्चावर, उतरत्या क्रमाने बघायचं. (आवृत्ती १३ च्या आधी या कॉलमचं नाव टोटल-टाइम होतं, जुन्या स्क्रिप्ट तिथेच अडखळतात.) हिशोब करून बघा. ८ सेकंद घेणारा रिपोर्ट दिवसातून दोनदा चालला तर १६ सेकंद होतात. ६ मिलिसेकंदांची क्वेरी ४०,००० वेळा चालली तर २४० सेकंद. तक्रार रिपोर्टची येते, सर्व्हरचा वेळ मात्र दुसरीच क्वेरी खात असते.

अशा छोट्या क्वेरीच्या मागे बहुतेक वेळा एकच दुखणं निघतं. यादीत ५० पावत्या दाखवायच्या आणि प्रत्येक पावतीला शेतकऱ्याचं नाव आणायला वेगळी क्वेरी, म्हणजे एका पानाला ५१ फेऱ्या. खूण पक्की आहे: कॉल्स (क्वेरी किती वेळा चालली) आणि रोज (इंग्रजी 'रो'चं अनेकवचन, म्हणजे मिळालेल्या ओळी) हे दोन आकडे जवळजवळ सारखे, आणि क्वेरी आयडीवरून एकच ओळ आणणारी. यावर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) चालत नाही, कारण प्रत्येक फेरी आधीच जलद असते. दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडा (जॉइन), ॲप्लिकेशन जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये असेल तर सिलेक्ट-रिलेटेड लावा.

एक्स्टेंशन फक्त बोट दाखवतं, कारण सांगत नाही. कारणासाठी एक्स्प्लेन ही आज्ञा वापरा, ॲनालाइज आणि बफर्स या दोन पर्यायांसह; ती क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटाबेसने निवडलेला मार्ग, दाखवते. ॲनालाइज क्वेरी खरोखर चालवतं, हे विसरू नका. अपडेट किंवा डिलीट तपासताना आधी बिगिन आणि शेवटी रोलबॅक हवंच, म्हणजे बदल मागे घेतला जातो. आणि प्लॅनमधले लूप्स (ती पायरी किती वेळा चालली) बघा, कारण दिसणारा वेळ एका लूपचा सरासरी असतो. लूप्स ३,००० असतील तर गुणाकार करून वाचा.

शेतकऱ्याच्या हिशोबाच्या उताऱ्याची क्वेरी घ्या: अमुक शेतकरी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. प्लॅनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन आणि खाली 'रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर' (गाळून टाकलेल्या ओळी) मध्ये लाखांचा आकडा दिसला, तर अख्खं टेबल चाळून चार ओळी निघाल्या. पोस्टग्रेस फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारी की) असलेल्या कॉलमवर आपोआप इंडेक्स बनवत नाही, इथेच अनेकांची गल्लत होते. इंडेक्स शेतकरी-आयडी आधी आणि तारीख नंतर असाच करायचा. बरोबरीची अट पुढे, पल्ल्याची मागे. उलट केलं तर त्या तारखांमधल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या नोंदी वाचाव्या लागतात. क्वेरीत वेळेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावलं असेल तर तो इंडेक्स पल्ल्यासाठी कामाला येत नाही. 'या तारखेपासून, पुढच्या तारखेच्या आत' अशी अट लिहा. चालू हंगामात क्रिएट इंडेक्स कन्करन्टली वापरा, नाहीतर पावत्यांची नोंद थांबते. ते बिगिनने सुरू केलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही. मध्येच फसलं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो हाताने काढावा लागतो.

आता आपल्या भागातली खास अडचण. अहवालाची अट असते: जिल्हा नंदुरबार, तालुका शहादा. प्लॅनर (पोस्टग्रेसचा प्लॅन ठरवणारा भाग) या दोन अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरतो. समजा टेबलातल्या १० टक्के ओळी नंदुरबारच्या आणि २ टक्के शहाद्याच्या आहेत, तर तो दोन्हींचा गुणाकार करून ०.२ टक्के ओळींचा अंदाज बांधतो. शहादा नंदुरबारातच आहे, त्यामुळे खरा आकडा २ टक्केच, म्हणजे दहापट. थोड्याच ओळी येणार या समजुतीने तो नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी दुसरं टेबल पुन्हा शोधण्याची पद्धत) निवडतो आणि अहवाल रखडतो. प्लॅनमधल्या अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांच्यात अशी दरी दिसली की क्रिएट स्टॅटिस्टिक्स वापरून जिल्हा-तालुक्यावर डिपेंडन्सीज (एक कॉलम दुसऱ्यावर अवलंबून असल्याची माहिती) नोंदवा आणि टेबलावर ॲनालाइज ही स्वतंत्र आज्ञा चालवा. नवा इंडेक्स लागत नाही, फार तर दोन मिनिटांचं काम. या एका उपायासाठी तरी प्लॅन वाचायला शिकावं.

आडनावाचा शोधही असाच. 'लाइक' ने सुरुवातीची अक्षरं शोधायची असतील आणि डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचा नियम) 'सी' नसेल, तर साधा बी-ट्री इंडेक्स उपयोगी पडत नाही. टेक्स्ट-पॅटर्न-ऑप्स घालून बनवावा लागतो. तो असूनही 'पाटील' शोधल्यावर सीक्वेन्शियल स्कॅन दिसला तर घाबरू नका. टेबलात पाटील इतके असतात की प्लॅनरचं बरोबरच असतं. तिथे गावाची अट जोडा.

इथेच एक्स्टेंशनची उणीव जाणवते. क्वेरीतली नेमकी मूल्यं (जसं 'पाटील') काढून तिथे नुसते क्रमांक ठेवले जातात, त्यामुळे पाटील आणि विरळ आडनाव एकाच ओळीत जमा होतं आणि सरासरी फसवते. मॅक्स आणि स्टँडर्ड डेव्हिएशनचे कॉलम सोबत बघा. नेमकं मूल्य हवं तर लॉग-मिन-ड्युरेशन-स्टेटमेंट २५० मिलिसेकंदांवर ठेवून लॉग वाचा. दुसरी उणीव: मूळ मर्यादा ५,००० क्वेरींची आहे आणि आवृत्ती १८ च्या आधी 'इन' यादीची लांबी बदलली की नवी नोंद होते. यादीच्या जागी ॲरे आणि 'एनी' वापरलं की ही गर्दी टळते.

चुकारा बाकी असलेल्या पावत्यांसाठी आंशिक इंडेक्स (ठरावीक अटीत बसणाऱ्या ओळींपुरताच) फार छान चालला, कारण बाकी पावत्या एकूण पावत्यांच्या तुलनेत थोड्याच असतात. मात्र ती अट क्वेरीत थेट लिहा. पॅरामीटरने पाठवली आणि प्लॅनरने जेनेरिक प्लॅन (सगळ्या मूल्यांसाठी एकच) धरला, तर इंडेक्स बाजूला पडतो.

प्रत्येक इंडेक्स नोंदीचा वेग थोडा खातोच. हंगाम संपला की पीजी-स्टॅट-यूजर-इंडेक्सेस मध्ये आयडीएक्स-स्कॅन (इंडेक्स किती वेळा वापरला) शून्य असलेले शोधा. प्रायमरी की आणि युनिक सोडून द्या, त्यांचं काम राखणीचं आहे. रेप्लिकावरचे (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवरचे) आकडे वेगळे मोजले जातात, तिथेही बघून मगच काढा. नंतर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स-रीसेट चालवा, म्हणजे पुढच्या दसऱ्याचे आकडे जुन्यांत मिसळणार नाहीत.