प्रत्येक मुलाला टॅब की वर्गासाठी सामाईक संच?

गरीब घरातल्या मुलाच्या हाती स्वतःचा टॅब आला की त्याचा चेहरा कसा उजळतो, हे पाहिलेला माणूस पहिल्या पर्यायाला सहज नाही म्हणू शकत नाही. टॅब घरी नेता येतो, धाकटी भावंडंही शिकतात. पण घरी इंटरनेट नसेल, चार्जिंगची सोय नसेल, तर तो दप्तरातच पडून राहतो. फुटला तर भरपाई द्यावी लागेल या धास्तीने पालक कपाटात ठेवतात, तेही मला समजतं.

पेरू देशाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. २००५ साली जाहीर झालेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतून तिथे ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. ग्रामीण प्राथमिक शाळांवरच्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्रं पोचली, पण ती शिकवण्यात कशी वापरायची याची शिक्षकांची तयारी तोकडी पडली.

सामाईक संचात पाच-सहा टॅब आणि एक प्रोजेक्टर पुरतो. ‘कोलिब्री’सारखं मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं. मुलं गटात बसतात, एकमेकांना समजावतात. दुरुस्तीही आवाक्यात राहते. तोटा एकच, पण खरा: सुट्टीत आणि घरच्या अभ्यासाला हातात काहीच नसतं.

पैसा मोजकाच असेल तर मी आधी सामाईक संच घेईन आणि उरलेले पैसे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करीन. दोन-तीन टॅब मात्र आळीपाळीने घरी न्यायला द्यावेत, ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे.