अध्यापन आणि चित्रकला सांभाळणाऱ्या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेले घर

सेलू तालुक्यातील आमच्या गावी गेल्या वर्षी बांधलेल्या घराचे काम आम्ही वर्ध्याच्या एका वास्तुविशारदांकडे सोपवले होते. नागपुरात पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, काही वर्षे पुण्यात नोकरी, मग परत येऊन स्वतःचे कार्यालय, आठवड्यातून तीन दिवस महाविद्यालयात अध्यापन आणि उरलेल्या वेळात जलरंग, अशी त्यांची वाटचाल. आमच्या काकाजींचे मत पहिल्याच दिवशी ठरले: दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात, यांनी तर तीन धरल्या आहेत.

पहिल्या भेटीत त्यांनी नवा नकाशा काढलाच नाही. वीसेक विद्यार्थी घेऊन ते आले आणि पाडायला काढलेल्या जुन्या घराची दिवसभर मोजमापे घेतली. मातीच्या भिंतीची जाडी, कवेलूंचा उतार, ओसरीची खोली, पश्चिमेकडे एकही मोठी खिडकी का नाही, हे सारे ते ओसरीत बसून मुलांना समजावत होते आणि आम्ही चहा देता देता ऐकत होतो. ज्या घरात चाळीस वर्षे राहिलो, ते उन्हाळ्यात सुसह्य का होते, हे आम्हाला तेव्हा कळले. नव्या घरातील खोल ओसरी आणि जवळपास बंद ठेवलेली पश्चिम भिंत त्या दिवसातूनच आली.

पायाच्या बाबतीत ते अडून बसले. मिस्त्री तीन फुटांवर थांबणार होता, कारण गावात सगळ्यांचे तसेच होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे उथळ पाया वर-खाली होऊन भिंती तडकतात, हे त्यांनी चाचणी खड्ड्याच्या काठावर बसून पाटीवर चित्र काढून सांगितले. सहा फुटांवर मुरूम लागला, तेव्हाच पाया भरला. खर्च वाढला, हे खरे. पण केरळमध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीने विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी ठेवल्यामुळे विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागल्या आणि पोकळीमुळे भिंतीतून येणारी उष्णताही कमी झाली. मिस्त्रीला ही रचना ठाऊक नव्हती. यांनी कोरड्या विटा स्वतः रचून दाखवल्या, चुकल्यावर न रागावता पुन्हा रचल्या. अशी चिकाटी शिकवणाऱ्याच माणसात असावी, असे मला वाटते.

त्यांच्या चित्रकलेचा खरा उपयोग आईला झाला. नकाशावरच्या रेघा तिला उमगत नव्हत्या. त्यांनी तुळशीपाशी उभे राहून घर कसे दिसेल, याचे रंगचित्र काढून दिले. ते पाहताक्षणी तिने विचारले, कापूस कुठे राहील? भाव येईपर्यंत वेचलेला कापूस घरातच असतो, हे पुण्याहून परतलेल्या वास्तुविशारदांच्या ध्यानातून निसटले होते. त्यांनी चूक कबूल केली आणि मागची खोली मोठी करून नकाशा नव्याने आखला. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी मातीत पळसाचे झाड उठवले आहे. सेवाग्रामला १९३६ नंतर घडलेल्या बापू कुटीच्या भिंतींवर मीराबेन यांनी उठवलेली ताडाची झाडे पाहून ते सुचल्याचे ते सांगतात. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मात्र ते पूर्ण होईस्तोवर ओसरीची फरशी तीन आठवडे रखडली.

तक्रारीही आहेत. अध्यापनाच्या दिवशी ते फोन उचलत नाहीत. स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर तपासणीसाठी आम्हाला चार दिवस थांबावे लागले आणि मजुरांची हजेरी बसून भरावी लागली. स्वयंपाकघरातील विटांची जाळी दिसायला देखणी आहे. पण मे महिन्यात तिच्यातून धूळ आली आणि मृगाच्या पहिल्या पावसात चूल भिजली. दिसण्याकडे लक्ष जास्त गेले, की असे होते, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आणि आतून झडपा लावण्याचा खर्च त्यांनी स्वतःकडे घेतला.

मानधन बांधकाम खर्चाच्या पाच टक्के, चार हप्त्यांत. ज्यांना एका हंगामात घर उभे करायचे आहे, त्यांनी या फंदात पडू नये. बाकीच्यांनी दिवाळीनंतर लगेच पायाला हात घालावा आणि त्यांच्या महाविद्यालयाचे वेळापत्रक आधीच मागून घ्यावे; परीक्षेच्या दिवसांत स्लॅबची तारीख ठरवू नये.