नाताळच्या नाटुकल्यासाठी भाड्याचा पोशाख: नौपाड्यातील एका दुकानाचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याच्या आतल्या गल्लीतील हे छोटे दुकान शाळांच्या कार्यक्रमांसाठी पोशाख भाड्याने देते, आणि डिसेंबरात तेथे मावळ्यांच्या अंगरख्यांशेजारी देवदूतांचे पंख टांगलेले असतात. आमच्या घरी कोणत्याच धर्माची पूजाअर्चा होत नाही. तरीही मुलाच्या शाळेने येशुजन्माच्या नाटुकल्यासाठी पालकांची संमती मागितली, तेव्हा आम्ही ती आनंदाने दिली. मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे 28वे कलम सांगते, आणि येथे सक्ती नव्हतीच.

मुलाच्या वाट्याला उतारशाळेच्या, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेच्या, मालकाचे काम आले होते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मावेळी मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा नव्हती एवढाच उल्लेख आहे, मालक कोठेच येत नाही. ती नाटकवाल्यांनी घातलेली भर आहे. त्यामुळे मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि तीन राजे यांचे संच तयार असूनही या पात्राचा संच दुकानात नव्हता. तेथील काकूंनी थेट मुलालाच विचारले, "तू नाटकात काय करतोस रे?" तो म्हणाला, "मी दार उघडतो आणि जागा नाही म्हणतो." काकूंनी मेंढपाळाचा तपकिरी झगा काढला, त्यावर दुसऱ्या संचातील रुंद पट्टा बांधला आणि पट्ट्याला जुन्या किल्ल्यांचा जुडगा अडकवला.

त्या रात्री किल्ल्या वाजवत त्याने विचारले, "खोली रिकामी असली तरी मी नाहीच म्हणायचं का?" घर भाड्याने देण्याआधी आडनाव आणि स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारणाऱ्या शहरात राहून या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते, आणि आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. नाटकातील प्रार्थना आमची नाही. पण दिवस भरलेल्या बाईला दारातून परत पाठवणे ही गोष्ट आमचीही आहे, आणि ती मुलाने दार लावणाऱ्याच्या बाजूने अनुभवावी, याचे मोल मला फार वाटते.

कपडे धुतलेले व इस्त्री केलेले होते. भाडे 250 रुपये, अनामत 500 रुपये, आणि ती पूर्ण परत मिळाली. गळ्याचे वेल्क्रो मात्र झिजलेले असल्याने पिन लावावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोशाख परत करण्याची अट नोकरदार पालकांना जाचक आहे. देवदूताचे पंख घेणार असाल, तर तारेच्या उघड्या टोकांना दुकानातच चिकटपट्टी लावून घ्यावी.